वाचक विचारतात : कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून फोटो काढताना

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच बटणाभोवती फिरतात : लाइव्ह व्ह्यू. डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या पडद्यावर चित्र बघून फोटो काढायची ही सोय. प्रश्न सराफी पेढीपासून काजव्यांच्या जंगलापर्यंत सगळीकडचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की फोकस झटक्यात होतो. पडद्यावर घेतलं की लेन्स पुढे-मागे घरघरत राहते आणि तोवर पोरगं फ्रेममधून पळालेलं असतं. कॅमेऱ्यात बिघाड आहे का? (राजारामपुरी)

बिघाड नाही, कॅमेऱ्याची रचनाच तशी आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. तो खाली असताना थोडा उजेड कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो. लेन्स कोणत्या बाजूला आणि किती फिरवायची, हे त्या सेन्सरला एका नजरेत कळतं. लाइव्ह व्ह्यू सुरू केला की आरसा वर जातो, शटर उघडं राहतं आणि तळाच्या त्या सेन्सरकडे जाणारा उजेड बंद होतो. मग फोकसचं काम फोटो ज्यावर उमटतो त्या मुख्य सेन्सरवर येतं. १५००डीचा सेन्सर ते कॉन्ट्रास्ट मोजून करतो : लेन्स थोडी हलवायची, कडा जास्त ठळक झाल्या का बघायचं, पुन्हा हलवायची, सर्वांत ठळक जागा ओलांडली की मागे यायचं. ती घरघर म्हणजे हा शोध.

हा शोध लवकर संपावा म्हणून फोकसची चौकट कोऱ्या गालावर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर ठेवू नका. भुवई, कॉलरची कड, चष्म्याची दांडी अशा काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर ठेवा. खोलीत उजेड कमी असेल तर आधी दिवा वाढवा, कारण कॉन्ट्रास्ट दिसलाच नाही तर मोजणार काय? तुमच्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूच्या फोकस पर्यायांत क्विक मोडही आहे. त्यात फोकस करताना आरसा क्षणभर खाली येतो, पडदा काळा होतो आणि जुन्या पद्धतीने पटकन फोकस होतो. बसलेल्या माणसांच्या फोटोसाठी तो चालून जातो. पळणाऱ्या मुलासाठी मात्र डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा. फोकसचा वेळ सोडला तरी लाइव्ह व्ह्यूमध्ये बटण दाबल्यावर उघडं शटर आधी बंद करून पुन्हा चालवावं लागतं, त्यामुळे क्षण हुकतोच.

कॅननने २०१३ मध्ये ७०डीपासून सेन्सरवरच झटपट फोकस करणारं ड्युअल पिक्सल तंत्र आणलं. ते ८०डी, २००डी वगैरेंत आहे, १५००डी आणि ३०००डीमध्ये नाही. सेकंडहँड कॅमेरा घेताना मेगापिक्सलपेक्षा हे आधी विचारावं.

या हळू फोकसचा एक मोठा फायदाही आहे. फोटो ज्या सेन्सरवर पडतो त्यावरच फोकस मोजला जातो, त्यामुळे तो नेमका असतो. व्ह्यूफाइंडरमधून काढलेले फोटो कायम थोडे मऊ येत असतील तर वर्तमानपत्राचं पान टेबलावर पसरून कॅमेरा ट्रायपॉडवर ४५ अंशांत लावा. एकाच ओळीवर फोकस करून चार फोटो व्ह्यूफाइंडरने आणि चार लाइव्ह व्ह्यूने, लेन्सच्या सर्वांत मोठ्या अपर्चरवर (उजेड आत सोडणारं भोक) काढा. पडद्याच्या फोटोंत तीच ओळ टोकदार आणि व्ह्यूफाइंडरच्या फोटोंत दर वेळी पुढची किंवा मागची ओळ टोकदार, असं दिसलं तर दोष तुमच्या हातात नाही. १५००डीमध्ये ही चूक मेनूतून सुधारता येत नाही. कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला न्यावे लागतात.

प्रश्न : आमचे सर म्हणतात, पडद्यावर बघून फोटो काढणं म्हणजे मोबाइल चालवणं, खरा फोटोग्राफर डोळा लावूनच काढतो. खरंय का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, गडहिंग्लज)

सरांचा मान ठेवून सांगायचं तर, जुन्या स्टुडिओतले प्लेट कॅमेरेवाले काळ्या कापडात डोकं घालून दुधी काचेवर उलटं पडलेलं चित्रच बघत होते, आणि भिंगाने त्यावर फोकस तपासत होते. डोळ्याची खिडकी नंतर आली. डीएसएलआरमध्ये पूर्ण वेळचा लाइव्ह व्ह्यू २००६ साली ऑलिंपसच्या ई-३३० ने आणला आणि २००७ मध्ये कॅनन ४०डी, निकॉन डी३००मधून तो सगळीकडे पसरला. तेव्हा त्याचे गिऱ्हाईक होते वस्तूंचे, इमारतींचे आणि कीटकांचे फोटो काढणारे व्यावसायिक.

सरांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. हात लांब करून कॅमेरा धरला की तो हलतो. ट्रायपॉड नसेल तर गळ्यातला पट्टा पुढे ताणून धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, आणि १८ मिमीवरसुद्धा शटर १/६० च्या खाली नेऊ नका.

प्रश्न : गुजरीत आमची पेढी आहे. साज, चंद्रहार, ठुशी यांचे फोटो गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. कॅमेरा चांगला आहे, सोबतची १८-५५ लेन्स आहे. पण साजाची मधली पानं स्पष्ट आणि कडेची पुसट येतात, सोनं कधी पितळेसारखं तर कधी फिकट दिसतं. (सराफ)

हे काम लाइव्ह व्ह्यूचंच आहे. व्ह्यूफाइंडर इथे विसरा.

पुसट कडांचं कारण बहुधा हे की कॅमेरा साजाला समांतर नाही. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, आणि कॅमेरा जरा तिरका झाला की एक बाजू त्या थराबाहेर जाते. साज टेबलावर सपाट मांडायचा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर वरून खाली बघेल असा लावायचा. आता साजाच्या जागी हातभर अंतरावरून दिसेल असा छोटा सपाट आरसा ठेवा, लाइव्ह व्ह्यू सुरू करा आणि पडद्यावर जाळी आणा. आरशात लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब दिसेल. ते पडद्याच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉडचं डोकं हलवा. प्रतिबिंब मध्यावर आलं म्हणजे कॅमेरा आणि टेबल समांतर झाले. आरसा काढा, साज ठेवा, ट्रायपॉडला पुन्हा हात लावू नका. स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्यापेक्षा ही पद्धत जास्त खात्रीची, कारण टेबल स्वतः तिरकं असलं तरी चालतं.

झूम ५५ मिमीवर ठेवा. १८ वर लेन्स फार जवळ न्यावी लागते, आकार फुगतो आणि कॅमेऱ्याची सावली पडते. कॅननच्या साध्या १८-५५ लेन्सने सर्वांत जवळून सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत बसतो. एका पानाचा ठळक फोटो त्यात निघतो, पूर्ण साजासाठी मागे सरावंच लागेल. अपर्चर एफ ८ ते एफ ११ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). एफ १६ च्या पुढे गेलात तर स्पष्ट थराची खोली वाढते पण सगळंच किंचित मऊ होतं, तारेचं काम त्यात मार खातं.

फोकस हाताने करा. लेन्सवरची कळ एमएफवर (मॅन्युअल फोकस), मग भिंगाचं बटण दाबून पडदा ५ पट, नंतर १० पट मोठा करा. चकचकीत सपाट सोन्यावर फोकस ओळखता येत नाही, म्हणून पानावरच्या नक्षीची कड किंवा जवेच्या मण्यांमधली फट बघा. फोकसची कडी फिरवत ती कड सर्वांत टोकदार होईल त्याच्या पुढे जा, पुन्हा मऊ होऊ द्या, मग मागे या. थेट टोकदार जागेवर थांबायचा प्रयत्न केला की माणूस थोडं अलीकडेच थांबतो. १० पटीवर चित्र थरथरताना दिसलं तर जमीन हलते आहे. जुन्या लाकडी माडीवर कोणी चाललं तरी हे होतं, आणि १/४ सेकंदाच्या फोटोत ती थरथर उतरते. माणसं थांबेपर्यंत थांबा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझर बंद ठेवा, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १०० आणि २ सेकंदांचा टायमर लावा.

आता रंग. चौकट सोन्याने भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला) वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो निळसर भर घालतो आणि सोनं फिकट पडतं. वर दुकानातले दिवे वेगवेगळ्या रंगांचे असतात. दुकानातले बाकीचे दिवे बंद करा, एकाच प्रकारचा उजेड ठेवा आणि पांढऱ्या कागदाचा पूर्ण चौकटीत फोटो काढून कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवा. खिडकीचा उजेड असेल तर ५२०० केल्विनपासून सुरुवात करून पडद्यावर बघत थोडं वर-खाली करता येतं. उजेड आणि साज यांच्यामध्ये बटर पेपरचा पडदा धरला की सोन्यावरचे पांढरे चट्टे मऊ होतात. लेन्सपुरतं भोक पाडलेला काळा पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे लावला की सोन्यात कॅमेरा आणि तुमचा शर्ट दिसायचा थांबतो.

एक्स्पोजरसाठी पडद्यावरच्या उजळपणावर जाऊ नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) आणा. फोटो काढल्यावर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख बघा. सोन्यात लाल रंग सर्वांत आधी उजव्या भिंतीला धडकतो. एकच आलेख बघितला तर सगळं ठीक वाटतं आणि नक्षी मात्र सपाट झालेली असते. पांढऱ्या कागदावर मांडलं असेल तर साधारण +१, काळ्या मखमलीवर –१ एक्स्पोजर भरपाई लागते, कारण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दोन्हींना करडं करायला बघतो.

प्रश्न : स्टुडिओसाठी डीएसएलआर सोडून मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला. मॅन्युअलवर १/१६०, एफ ८, आयएसओ १०० ठेवलं की पडदा आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही काळेकुट्ट. फोटो मात्र बरोबर येतो. गिऱ्हाइकाला फ्रेम कशी लावायची? (शाहूपुरी)

कॅमेरा प्रामाणिकपणे सांगतोय की या सेटिंगला खोलीतल्या साध्या उजेडात फोटो काळा येईल. स्ट्रोब (स्टुडिओचे फ्लॅश) उडणार आहेत हे त्याला माहीत नाही. त्यांना उडवणारा ट्रिगर फक्त हॉटशूच्या (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधल्या पिनमधून इशारा घेतो, कॅमेऱ्याशी बोलत नाही. एक्स्पोजरची ही नक्कल बंद करायची. सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये सेटिंग इफेक्ट ऑफ, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन डिसेबल, फुजीत मॅन्युअल मोडमधला एक्स्पोजर प्रिव्ह्यू ऑफ. निकॉनमध्येही सेटिंग लाइव्ह व्ह्यूला लागू करायची की नाही असा पर्याय आहे. हे एखाद्या बटणावर बसवून ठेवा, कारण स्टुडिओबाहेर पडलात की नक्कल पुन्हा हवी असते. ती बंद राहिली तर पडदा कायम छान उजळ दिसतो आणि फोटो काळे किंवा जळालेले निघतात. लग्नाच्या दिवशी हे कळणं महागात पडतं.

याच पत्रातला दुसरा प्रश्न : जुन्या कॅननवर लाइव्ह व्ह्यू लावला की बाजारातला साधा ट्रिगर उडत नाही. मेनूत सायलेंट शूटिंग असेल तर ते डिसेबल करा, दुसऱ्या कंपनीचे फ्लॅश त्यात उडत नाहीत. एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली नळी) लावतानाही ते डिसेबल हवं, नाहीतर एक्स्पोजर चुकतं. मिररलेसवर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर बहुतेक मॉडेलांवर फ्लॅश उडतच नाही, मेकॅनिकलवर या. आणि २००डी मार्क टू किंवा ३०००डी असेल तर सगळं तपासण्याआधी वरचा हॉटशू बघा. त्यात मधली पिनच नाही, साधा ट्रिगर त्यावर कोणत्याच मोडमध्ये चालणार नाही.

प्रश्न : पावसाआधी राधानगरीला काजव्यांचे फोटो काढायचे आहेत. अंधारात पडद्यावर काहीच दिसत नाही, फोकस कसा लावायचा? (कसबा बावडा)

अंधार पडायच्या आधी लावायचा. संधिप्रकाश असतानाच जागा पक्की करा, ट्रायपॉड रोवा, चौकट ठरवा. ज्या झाडावर काजवे येतात त्याच्या खोडावर किंवा फांदीच्या कडेवर फोकस करा, पडदा १० पट करून तपासा आणि लेन्स एमएफवर टाका. आता फोकसची कडी आणि झूमची कडी, दोन्हींना कागदी चिकटपट्टीचा एकेक तुकडा. साध्या झूम लेन्समध्ये झूम बदललं की फोकसही सरकतो, म्हणून नंतर चौकट बदलायचा मोह नको.

उशीर झाला असेल तर दूरचा एखादा दिवा शोधा. पलीकडच्या डोंगरावरच्या घरातला बल्बही चालतो. तो पडद्याच्या मध्यावर घ्या, १० पट करा आणि ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत कडी फिरवा. हा दूरचा फोकस झाला. काजव्यांचं झाड १०-१५ मीटरवर असेल तर एफ २.८ किंवा ३.५ वर १८ मिमीला तेही त्यात स्पष्ट येतं, ५० मिमीच्या लेन्सला येणार नाही. कडी शेवटपर्यंत फिरवली की अनंतावर फोकस होतो, हा समज सोडा. बहुतेक ऑटोफोकस लेन्स त्याच्याही पुढे फिरतात.

निकॉनच्या एएफ-पी आणि कॅननच्या काही एसटीएम लेन्समध्ये कडी थेट काचांना जोडलेली नसते, मोटर फिरवते. कॅमेरा झोपला किंवा बंद केला की त्यांचा फोकस हलू शकतो. त्यामुळे ऑटो पॉवर ऑफ रद्द करा, आणि बॅटरी बदलली तर फोकस पुन्हा तपासा.

फोकस लागला की लाइव्ह व्ह्यू बंद. हा भाग लोक विसरतात. पडद्याचा उजेड तुमच्या डोळ्यांना आंधळं करतो, शेजारच्या फोटोग्राफरची चौकट बिघडवतो आणि काजव्यांनाही त्रास देतो. शिवाय सेन्सर सतत चालू राहून तापतो आणि लांब एक्स्पोजरमध्ये रंगीत ठिपके वाढतात. फोटो काढल्यावर आपोआप दिसणारी प्रतिमाही बंद ठेवा. पडद्याचा उजळपणा सर्वांत कमी. ज्या पडद्यावर दिवसा फोटो ठीक वाटतो तो अंधारात फार उजळ भासतो आणि घरी येऊन बघावं तर काळोख. इथेही हिस्टोग्रामच खरा.

सुरुवात आयएसओ १६००, एफ २.८ ते ३.५, २० ते ३० सेकंद. एका फोटोत थोडेच ठिपके येतील. एकामागोमाग २०-३० फोटो काढून नंतर लाइटन पद्धतीने (प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपका राखून) एकावर एक चढवा, स्टारस्टॅक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर ते करतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर झाकण लावा. मागून आलेला टॉर्चचा उजेड त्यातून आत शिरतो. फ्लॅश नको आणि काजव्यांवर टॉर्चही नको. झाडाला हात लावायचा प्रश्नच नाही.

प्रश्न : खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाचं गोल आकाश बरोबर खालून घ्यायचंय. जमिनीवर झोपूनही कॅमेरा सरळ राहत नाही. (शिरोळ)

झोपू नका, कॅमेऱ्याला झोपवा. लेन्स वर करून तो तांदूळ अर्धवट भरलेल्या कापडी पिशवीवर ठेवा. पिशवी दाबून कॅमेऱ्याचा कल एकेक मिलिमीटर बदलता येतो. पडदा खाली जमिनीकडे गेला, म्हणून लाइव्ह व्ह्यू मोबाइलवर घ्या : कॅननला कॅमेरा कनेक्ट, निकॉनला स्नॅपब्रिज. मोबाइलवर चित्र बघत गोलाची कड चौकटीच्या वरच्या आणि खालच्या बाजूपासून सारखी दूर येईल असं करा. मोबाइलची पट्टी धरून मोजलं तरी हरकत नाही. इथे डोळा फसतो, कारण खांबांची वर्तुळं एकात एक आहेत.

१८ मिमीवर चौकटीचा लांब बाजूचा कोन साधारण ६४ अंश, त्यामुळे कॅमेऱ्यावर वाकून बघाल तर स्वतःच फोटोत याल. बाजूला बसून मोबाइलवरून बटण दाबा. फोकस गोलाच्या कोरलेल्या कडेवर, एफ ८. आकाश आणि खांब यांच्या उजेडात एवढं अंतर असतं की एका फोटोत दोन्ही बसत नाहीत. ऑटो ब्रॅकेटिंगने –२, ०, +२ असे तीन फोटो घ्या आणि नंतर जोडा. सूर्य डोक्यावर असेल ती वेळ टाळा. गोलातून थेट ऊन आलं तर लेन्समधून ते सेन्सरवर एकवटतं, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सर पूर्ण वेळ उघडा असतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर खांबांचा पोतही जास्त चांगला दिसतो. मंदिर संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी विचारा, पिशवीने काम भागतं.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर फोटो काढल्यापासून प्रत्येक फोटोत एक गुलाबी उभी रेघ येते. लेन्स पुसली, गेली नाही. (मंगळवार पेठ)

मिरवणुकीत लेसर होते का, हा पहिला प्रश्न. लेसरचा झोत थेट लेन्समध्ये आला तर लेन्स तो सेन्सरच्या एका बिंदूवर गोळा करते आणि तिथले पिक्सल किंवा त्यांची पूर्ण ओळ मरते. रेघ हे त्याचंच लक्षण.

खात्री करायला एफ ४ आणि एफ १६ वर कोऱ्या भिंतीचे दोन फोटो काढा. डाग फक्त एफ १६ वर, काळपट आणि मऊ कडांचा दिसला तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते. ठिपके रंगीत आणि फक्त लांब एक्स्पोजरमध्येच दिसले तर ते हॉट पिक्सल, थोडेफार सगळ्यांकडे असतात. रेघ दोन्ही फोटोंत, त्याच जागी, तितकीच टोकदार असेल तर ती सेन्सरची इजा. ती पुसून जात नाही. सेन्सर बदलावा लागतो आणि साध्या कॅमेऱ्याला तो खर्च परवडत नाही.

डीएसएलआरमध्ये आरसा खाली असताना सेन्सर झाकलेला असतो, फोटोच्या क्षणापुरताच उघडतो. लाइव्ह व्ह्यू किंवा मिररलेसमध्ये तो सतत उघडा, म्हणून धोका अनेक पटींनी जास्त. मग डीएसएलआरवाल्यांनी व्ह्यूफाइंडर वापरावा का? मुळीच नाही. तोच झोत आरशावरून तुमच्या डोळ्यात येईल, आणि डोळ्याचा सेन्सर कोणी बदलून देत नाही. लेसर दिसले की टोपण लावा, जागा बदला, यंत्राकडे पाठ करून गर्दीचे, लेझीमचे, ढोलवाल्यांचे फोटो घ्या. बंद मिररलेसलाही टोपण हवं. बऱ्याच मॉडेलांत कॅमेरा बंद असतानाही शटर उघडंच असतं.

प्रश्न : रंकाळ्यावर दुपारी पडद्यावर काहीच दिसत नाही. शिवाय चाळिशी लागली आहे. (संभाजीनगर, कोल्हापूर)

गॉगल काढून बघा. पोलराइज्ड गॉगलमधून काही कोनांत पडदा पूर्ण काळा दिसतो, आणि लोक कॅमेरा दुरुस्तीला घेऊन जातात. तरी दिसत नसेल तर पडद्यावर बसणारं रबरी कडेचं भिंग मिळतं. त्याला डोळा लावला की ऊन अडतं आणि चित्रही मोठं दिसतं, म्हणजे चाळिशीचं कामही होतं. नाहीतर व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं छोटं चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट करा आणि दुपारी तोच वापरा. मावळत्या सूर्याकडे लांब लेन्स रोखताना मात्र उलटं करावं : डोळा नको, पडदा बरा, आणि तोही मोजका वेळ.

प्रश्न : पडदा आपोआप बंद होतो आणि बॅटरी अर्ध्या दिवसात संपते. (इचलकरंजी)

दोन्ही अपेक्षित आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये एका चार्जिंगवर व्ह्यूफाइंडरच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी फोटो निघतात, मोबाइलला वाय-फायने जोडला तर आणखी कमी. जास्तीची बॅटरी जवळ ठेवा. पडदा बंद होणं हे ऑटो पॉवर ऑफचं काम. ते रद्द केलं तरी कॅननमध्ये ३० मिनिटांनी लाइव्ह व्ह्यू थांबतो. पण कॅननच्या पडद्यावर थर्मामीटरचं पांढरं चिन्ह दिसलं तर सेन्सर तापला आहे आणि फोटोत दाणे वाढणार. लाल दिसलं तर कॅमेरा स्वतःच थांबेल. एप्रिल-मेच्या उन्हात काळा कॅमेरा ट्रायपॉडवर उघडा ठेवू नका, पांढरा पंचा टाका.

प्रश्न : मंगल कार्यालयात पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकतात. फोटोतही येतात. (उचगाव)

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मेनूत ६० हर्ट्झ किंवा एनटीएससी असेल तर ५० किंवा पाल करा, पडद्यावरचे पट्टे बरेचसे जातील. फोटोतल्या पट्ट्यांसाठी शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत दिव्याचं पूर्ण चक्र येतं. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, कारण ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि दर ओळीला वेगळा उजेड मिळतो. काही नव्या कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं, तेही सुरू करा. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचे किंवा स्वस्त रंगीत पार दिव्यांचे पट्टे याने जाणार नाहीत. त्यांची लुकलुक विजेच्या हिशेबाने चालत नाही. तिथे १/८०, १/६० असं खाली-खाली जात दर वेळी एक फोटो काढून तो मोठा करून बघा. पडद्यावर पट्टे दिसले तरी फोटोत नसतील तर काळजी सोडा.

प्रश्न : खासबागेत कुस्ती लाइव्ह व्ह्यूने घेता येईल का?

साध्या डीएसएलआरने नको. डाव टाकून पाठ लागेपर्यंत तुमचा फोकस शोधतच असेल. पडदा वळणारा असेल आणि हौद्याच्या अगदी कडेला बसायला मिळालं, तर कॅमेरा मातीलगत ठेवून सलामीचा फोटो मात्र पडद्यावर बघूनच घ्या : पैलवान उभे असतात तिथे आधी फोकस करून एमएफ, एफ ५.६, शटर १/५००. झटापट सुरू झाली की लाइव्ह व्ह्यू बंद करून पुन्हा एएफवर या आणि डोळा लावा.